गाळाचा जबाब

मे महिन्याचा दुसरा आठवडा. गोदावरीवरच्या एका बंधाऱ्याच्या फुगवट्यात उतरलो होतो. पाणी मधल्या डोहापुरतं उरलेलं, दोन्ही अंगांना भेगाळलेला गाळ, आणि भेगा अशा की पाय चपलेसकट आत जावा. हातात खुरपं होतं. एका भेगेच्या कडेला हातभर खोल उकरलं आणि कड तासून साफ केली. वर बोटभर जाडीचा तपकिरी, वाळलेला पापुद्रा. त्याखाली राखाडी, लोण्यासारखा मऊ थर. त्याखाली एकदम काळाभोर पट्टा, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा. मग वाळूची सुतासारखी रेघ, म्हणजे कुठल्यातरी पावसाळ्यातला मोठा पूर. आणि रेघेखाली पुन्हा राखाडी. काळ्या पट्ट्यात शाम्पूची एक रुपयाची पुडी रुतून बसली होती. पुसून पाहिली तर मागचं छापील साल वाचता आलं: २०१६.

शंभरेक पावलांवर एक शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाळ भरत होता. मला उकिडवं बसलेलं पाहून तो आला. पुडीकडे पाहिलं, काळ्या पट्ट्याकडे पाहिलं, चिमूटभर गाळ बोटावर घेऊन नाकाशी नेला आणि विचारलं, "भाऊ, हे वावरात टाकावं का हो?"

या प्रश्नाला खात्रीचं उत्तर देणारी व्यवस्था परभणी जिल्ह्यात असायला हवी. ती उभी करणं आपल्या आवाक्यातलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

नदी तपासायची म्हणजे पाणी तपासायचं, असं आपल्याकडे ठरून गेलं आहे. पाथरी तालुक्यात ढालेगावला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ गोदावरीच्या पाण्याचे नमुने घेतं. बाटली भरते, प्रयोगशाळेत जाते, २७ अंश तापमानात तीन दिवस ठेवतात आणि तेवढ्या वेळात जिवाणूंनी किती प्राणवायू खाल्ला ते मोजतात. हा बीओडी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले. ती सगळी यादी या एका मापावर बेतलेली होती. नाशिकच्या सोमेश्वर मंदिरापासून नांदेड जिल्ह्यातल्या राहेडपर्यंतचा गोदावरीचा पट्टा तिच्यात पहिल्या प्राधान्याचा होता. म्हणजे परभणीच्या वाट्याची गोदावरी सगळीच्या सगळी त्यात आली.

बीओडीचं माप खोटं नाही. गावाचं सांडपाणी, साखर कारखान्याचं किंवा कत्तलखान्याचं पाणी नदीत आलं की ते चटकन चढतं. पण शिसं, कॅडमियम, पारा, जुनी कीटकनाशकं यांच्याबद्दल ते काहीच सांगत नाही. शिवाय बाटलीत येतं ते त्या घडीचं पाणी. रात्री दोनला सोडलेलं पाणी सकाळी दहाच्या बाटलीत सापडत नाही. ते तोवर पुढच्या गावाच्या घाटावर पोचलेलं असतं. पावसाळ्यात पुराच्या पाण्याने सगळंच पातळ होतं आणि उन्हाळ्यात तर कित्येक ठिकाणी बाटली भरायला वाहतं पाणीच नसतं. महिन्यातली दहा मिनिटं पाहून नदीच्या वर्षभराच्या तब्येतीचा दाखला द्यायचा, असा हा प्रकार आहे.

गाळाचं तसं नसतं. पाणी निघून जातं, गाळ मुक्कामाला राहतो.

आणि आपला गाळ तर फारच चिकट स्मरणशक्तीचा आहे. परभणीची जमीन म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची, झीज होऊन झालेली काळी कसदार माती. तिच्यातली चिकणमाती मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट जातीची. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात फुगून त्या मिटतात, ते याच खनिजामुळे. या खनिजाचे कण पापुद्र्यापापुद्र्यांचे असतात. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमातले सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर ६०० ते ८०० चौरस मीटर क्षेत्र भरतं. आपल्या मापात सांगायचं तर चिमूटभर मातीत सहा ते आठ गुंठे. त्या पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि पाण्यातले शिसं, जस्त, कॅडमियम यांसारखे धनभारित कण त्याला जाऊन चिकटतात. म्हणून नदीच्या एका लिटर पाण्यात जो धातू मोजायला यंत्रालाही ताण पडतो, तोच तळाच्या एका किलो गाळात हजारपट, कधी त्याहूनही जास्त सापडतो. शेतकऱ्याला हे नवीन नाही. याच गुणामुळे काळी जमीन खत धरून ठेवते, असं आपण अभिमानाने सांगतो. जी माती खत धरते ती विषही धरते.

एवढं वाचून कुणी लगेच गाळाची पुडी बांधून प्रयोगशाळेत धाडेल आणि आलेला आकडा परदेशी तक्त्याशी ताडून पाहील, तर मात्र मोठा घोटाळा होईल. इथे मला थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण या विषयातली खरी मेख इथेच आहे.

लहानपणी आम्ही फुटक्या रेडिओतलं लोहचुंबक दोरीला बांधून नदीच्या वाळूतून ओढत असू. चुंबकाला काळ्या चकचकीत कणांची दाढी फुटायची. ते मॅग्नेटाइट, बेसॉल्टमधून झिजून आलेलं. आपल्या दगडातच लोखंड आहे, आणि लोखंडाच्या सोबतीने निकेल, क्रोमियम, तांबंही आहे. टुरेकियन आणि वेडेपोल या दोन शास्त्रज्ञांनी १९६१ साली जगभरच्या खडकांतल्या मूलद्रव्यांचा तक्ता प्रसिद्ध केला. गाळाच्या अभ्यासात तो आजही हाताशी असतो. त्यात गाळापासून बनलेल्या शेल नावाच्या खडकात तांबं किलोमागे सरासरी ४५ मिलिग्रॅम, तर बेसॉल्टमध्ये ८७. निकेल शेलमध्ये ६८, बेसॉल्टमध्ये १३०. आता उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्याच्या गाळासाठी २००० साली मांडलेली मार्गदर्शक मर्यादा पाहा. निकेल ४८.६ च्या पुढे गेलं की तळातल्या जिवांना अपाय होण्याची शक्यता मोठी, असं तिथे धरतात. बेसॉल्टचा आकडा त्याच्या अडीचपटीहून जास्त. म्हणजे ज्या डोंगरावर कारखाना सोडा, पिठाची गिरणीसुद्धा नाही, तिथला निव्वळ दगड दळून त्या मर्यादेपुढे ठेवला तर तो "विषारी" ठरेल! असा अहवाल एखाद्या वर्तमानपत्रात छापून आला, तर नदीकाठच्या वांग्याला आणि टरबुजाला गिऱ्हाईक मिळणार नाही आणि दोष मात्र कुणाचाच नसेल.

उलट शिशाचं. शेलमध्ये ते सरासरी २० मिलिग्रॅम, बेसॉल्टमध्ये फक्त ६. शिसं आपल्या दगडात जवळजवळ नाहीच. म्हणून परभणीच्या गाळात शिसं तीस-चाळीसवर गेलेलं दिसलं, तर जगाच्या सरासरीने पाहणारा म्हणेल, ठीकच आहे. आपल्या दगडाच्या मापाने पाहणाऱ्याने मात्र दचकायला हवं. ते शिसं बाहेरून आलेलं असणार: जुन्या बॅटऱ्या, रंग, मूर्तींवरचे रंग, भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांची राख, आणि २००० सालापर्यंत देशभर विकलं जाणारं शिसंमिश्रित पेट्रोल. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमाने, अंमल २०१७ पासून. त्याआधीचा रंग भिंतींवरून, खिडक्यांवरून, विसर्जनाच्या डोहातून कुठे गेला असेल, त्याचा माग गाळातच लागेल.

तेव्हा पहिलं काम, आपला स्वतःचा पाया ठरवण्याचं. जिंतूरच्या बाजूचे ओढे घ्या, जिथे वर गाव नाही, उद्योग नाही. तिथला बारीक गाळ तपासून "हा आमचा मूळ दगड" असं लिहून ठेवा. गेर्मान म्यूलर या जर्मन अभ्यासकाने १९६९ मध्ये याच विचारावर एक सोपं गणित बसवलं: सापडलेला आकडा मूळच्या आकड्याच्या दीडपटीने भागायचा आणि त्यावरून पायऱ्या ठरवायच्या. दीडपट यासाठी की मूळ मातीतही थोडं कमीजास्त असायचंच. गणित सोपं आहे, पण मूळचा आकडा उसना घेतला तर उत्तर चुकतं.

नदी गाळ घेऊन किती दूर जाते, हेही कधी डोळ्यांसमोर आणावं. गोदावरी वर्षाला सुमारे १७ कोटी टन गाळ समुद्राकडे नेते, असा अंदाज १९८८ साली बिक्षम आणि सुब्रमण्यन यांनी मांडला होता. मोठ्या धरणांनी पुढे त्यातला बराच वाटेतच अडवला. बंगालच्या उपसागरात गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळाला भोक पाडून काढलेल्या उभ्या नमुन्याचा अभ्यास लिव्हियू जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. गेल्या चारेक हजार वर्षांत त्या थरांमध्ये दख्खनच्या दगडाचा वाटा वाढत गेलेला दिसतो. पाऊस कमी होत गेला, आणि त्याच सुमाराला इथे शेती पसरत गेली. आपल्या पहिल्या शेतकऱ्यांच्या नांगरटीची नोंद इतक्या लांब, खाऱ्या पाण्याखाली जपून राहिली आहे. मला ही गोष्ट वाचली तेव्हा फार हलवून गेली. राजमहेंद्रीच्या पुढे खाडीत कुणी गाळ काढून तपासला तर त्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम असणारच.

तेवढं लांब जायचीही गरज नाही. जिंतूर तालुक्यातलं येलदरी धरण १९६८ चं. त्या सालापासून पूर्णेने आणलेली बारीक माती जलाशयाच्या तळाशी वर्षावर्षाच्या थरांनी बसली आहे. पोलादी नळी तळात घुसवून असा उभा नमुना अलगद वर काढता येतो. थरांची वयंही काढता येतात: हवेतून झिरपणारं एक किरणोत्सारी शिसं दर २२ वर्षांनी निम्मं होतं, त्यावरून हिशेब लागतो. मग कापसावर फवारलेल्या औषधांच्या सगळ्या पिढ्या त्यात एकाखाली एक दिसतील. शेतीत डीडीटी १९८९ पर्यंत, बीएचसी १९९७ पर्यंत, एंडोसल्फान २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत. बंदी खरोखर अंमलात आली की नुसती कागदावर राहिली, हे बंदीनंतरच्या थरात त्या औषधाचा अंश घटला की नाही यावरून कळेल. सरकारी अहवालाला साक्षीदार लागतो, आणि असा साक्षीदार फितवता येत नाही.

त्या दिवशीच्या काळ्या पट्ट्याबद्दल सांगायचं राहिलं. काळं म्हणजे विष, असं लगेच धरू नये. सांडपाण्यातली, सडक्या जलपर्णीतली घाण तळाशी बसली की ती कुजताना तळचा सगळा प्राणवायू संपतो. मग दुसरे जिवाणू गंधकावर जगू लागतात. गंधक आणि लोखंड यांचा संयोग होऊन काळा रंग येतो आणि अंड्याचा वास सुटतो. हा गाळ ओला आणि बंद असतो तोवर शिसं, कॅडमियम, तांबं यांना गंधक बांधून ठेवतं. पण आपल्या नद्या मार्चपासून उघड्या पडतात. ऊन लागतं, भेगांमधून हवा खोलवर जाते, गंधकाची गाठ सुटते आणि धातू मोकळे होतात. मग मृगाचा पहिला लोंढा येतो आणि हे सगळं ढवळून एकदम पुढे नेतो. पहिल्या पुराला मासे पोट वर करून तरंगतात, त्यात या ढवळलेल्या तळाचा हात असतो. तळची घाण वर येऊन उरलासुरला प्राणवायूही ओढून घेते. बंधाऱ्यांनी पाणी साठलं ही आनंदाची गोष्ट आहे. ढालेगाव, मुदगल, तारूगव्हाण, डिग्रस, मुळी या बंधाऱ्यांनी कितीतरी गावांची पिकं उभी राहिली. पण संथ पाण्यात बारीक गाळ बसतो, हेही तितकंच खरं, आणि विष धरतो तो बारीकच.

जाळं टाकणारे भोई तळाकडे पाहूनच नदी ओळखतात. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या मामांनी मला एकदा नाल्याच्या तोंडाशी गाळ ढवळून दाखवला होता. लालभडक, केसासारखे बारीक जीव वळवळत होते, मुठीत मावणार नाहीत इतके. "पाणी काय बघायलात, खालचं बघा की," ते म्हणाले. "जिथं हे वाढलं तिथं शिंपला ऱ्हात न्हाई अन् वाम बी ऱ्हात न्हाई." त्या अळ्यांच्या आणि किड्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि जवळजवळ प्राणवायू नसलेल्या गाळात तग धरतात. युरोपातले जीवशास्त्रज्ञ नदीची प्रत ठरवताना हेच पाहतात. मामांना ते त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं.

जगात ज्यांनी तळाकडे वेळेवर पाहिलं नाही त्यांना ते महागात पडलं. जपानच्या मिनामाता उपसागरात कारखान्याने सोडलेला पारा तळाच्या गाळात बसला, माशांत चढला आणि माशांतून माणसांत. १९५६ साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली, पण तळाचा गाळ उपसून बंदिस्त करण्याचं काम १९७७ ला सुरू होऊन १९९० पर्यंत चाललं. आपल्याकडे उल्हास नदीच्या खाडीत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी पाऱ्याचा माग गाळातूनच काढला. पारा वापरण्याची जुनी पद्धत उद्योगांनी बदलली तरी खाडीच्या तळाशी तो राहिलाच.

परभणीला मात्र सगळ्यांत जास्त शिकण्यासारखं आहे ते रॉटरडॅमचं. ऱ्हाईन नदीच्या शेवटच्या टोकाला हे बंदर. बंदरात बसणारा गाळ काढून तिथले लोक वर्षानुवर्षं सखल जमिनींवर टाकत आले होते. उत्तम माती, जमीनही उंचावते. म्हणजे आपलीच गोष्ट. मग गाळात जड धातू आणि कीटकनाशकं आढळली आणि ते टाकणं थांबवावं लागलं. खराब गाळ साठवायला १९८७ साली समुद्रकाठी स्लुफ्टर नावाचा प्रचंड बंदिस्त साठा बांधावा लागला. पण तिथल्या लोकांचं खरं शहाणपण पुढच्या पावलात दिसतं. १९८४ पासून त्यांनी ऱ्हाईनच्या काठाने वर जाऊन कुठला धातू कुठून येतो ते शोधलं, आणि जर्मनीपर्यंतच्या उद्योगांसमोर ते आकडे ठेवून सोडणं कमी करण्याचे करार केले. खालच्या गावाने वरच्या गावाला गाळ दाखवून जाब विचारला.

मराठवाडा खालच्या अंगाचा आहे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. नाशिक-नगरकडून जायकवाडीत किती पाणी यावं यावरून आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत, २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेशही झाला. पाण्याचा एकेक टीएमसी आपल्याला तोंडपाठ असतो. त्या पाण्याबरोबर काय येतं याचा हिशेब मात्र आपण कुणाकडे मागितला नाही. नाशिकचा बराचसा गाळ जायकवाडीच्या जलाशयात, नाथसागरातच बसतो. म्हणजे परभणीत येतो तो पैठणच्या खालचा. दुसरीकडून जालन्याची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना सेलूच्या निम्न दुधना प्रकल्पात थांबते, पुढे पूर्णेला मिळते, आणि पूर्णा गोदावरीला. जालना हे भंगारातून पोलाद बनवणारं शहर. भंगार वितळवताना भट्टीच्या धुरळ्यात जस्त आणि शिसं जातं, ही त्या धंद्याची जगभरची ओळख आहे. म्हणून पहिली नळी निम्न दुधनेच्या तळाला लावावी, असं माझं मत आहे. दुसरी पूर्णेवर राहाटीच्या बंधाऱ्यापाशी, जिथून परभणी शहराने इतकी वर्षं पाणी प्यायलं. आणि वरच्यांना जाब विचारण्याआधी आपल्या शहरांच्या नाल्यांची तोंडंही तपासावीत, परभणीचीही आणि गंगाखेडचीही. जनाबाईंच्या गावात गोदास्नानाला येणारा माणूस घाटाच्या पायरीवर उतरतो तेव्हा त्याच्या पायाखाली आधी गाळच येतो.

दुसरीकडे "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही राज्य शासनाची योजना २०१७ पासून आहे. योजना चांगली आहे. गावतळ्याचा, पाझर तलावाचा गाळ म्हणजे आपल्याच वावरातून वाहून गेलेला पोयटा. तो परत आणणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि हलक्या रानाला त्याने जी जान येते ती मी पाहिली आहे. त्याबद्दल कुणाच्या मनात भीती घालण्याचं पाप मला करायचं नाही. पण माळरानावरच्या पाझर तलावाचा गाळ आणि शहराच्या नाल्याखालच्या बंधाऱ्याचा गाळ यांना एकाच मापाने मोजू नये. पहिला बिनघोर न्यावा. दुसरा तपासून न्यावा. धातू वावरात एकदा गेला की तो नांगरटीने जात नाही आणि पावसानेही धुऊन जात नाही. कॅडमियम तर पालेभाजीत सहज चढतं.

तपासायचं कुणी? परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाचं. मातीतलं जस्त, लोह, तांबं तपासणं हे मृदविज्ञानाचं रोजचं काम. ज्या अणुशोषण यंत्रावर जस्त मोजतात त्याच यंत्रात शिशाचा दिवा बसवला की शिसं मोजता येतं, कॅडमियमचा बसवला की कॅडमियम. धातू पूर्ण सोडवून घ्यायला जरा तीव्र आम्ल लागतं, एवढाच फरक. नमुना घेण्याचीही रीत आहे: वरचा दोन-चार सेंटिमीटरचा थर, प्लास्टिकच्या पळीने (माझं लोखंडी खुरपं इथे बाद), सावलीत वाळवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेला, कारण वाळू मिसळली की आकडा खोटा उतरतो. विद्यापीठाचे आणि महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम मे महिन्याच्या दोन आठवड्यांत करू शकतात, जेव्हा पात्रं उघडी असतात. आकडे मराठीत, बंधाऱ्याच्या नावासह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. गाळासाठी देशात मानक नाही, म्हणून थांबायचं कारण नाही. मानक बनायला आकडे लागतात, आणि आकडे कुठल्यातरी जिल्ह्याने आधी काढावे लागतात.

त्या दिवशी त्या शेतकऱ्याला मी मला सुचलं ते सांगितलं. म्हटलं, दादा, नाला जिथे मिळतो त्याच्या खालचा हा काळा गाळ राहू द्या, नाल्याच्या वरच्या अंगाचा घ्या. त्याने नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. तिथे पात्र खरवडून निघालेलं, खाली मुरूम दिसत होता.

"वरचा मागल्याच आठवड्यात सरला, भाऊ," तो म्हणाला. "डिझेल टाकून आलोय."

तो परत गेला. ट्रॉली अर्धी भरलेली होती. त्याने ती भरून घेतली, वरून फावड्याने थोपटली आणि ट्रॅक्टर चढावाला लावला.